सिंहपुरांतील दोन बेटें

सिंगापूर म्हणजे संस्कृतांतील ‘सिंहपुर’. आपल्या भाषेचें लेणें नांवांत मिरविणारें हें नगर पाहण्याची इच्छा बहुत दिवसांची होती; पुतण्याच्या आग्रहामुळें ती गतवर्षीं सफळ झाली.

नदीतीरीं सर स्टॅम्फर्ड रॅफल्स याचा शुभ्र पुतळा हाताची घडी घालून उभा आहे. याच इंग्रजानें १८१९ सालीं येथें व्यापारी ठाणें वसविलें. स्वराज्य येतांच परक्या सत्ताधीशांचे पुतळे उतरविणें ही जगाची रीत. येथें मात्र मूळ पुतळा जपलाच, शिवाय १९७२ मध्यें ही प्रतिकृति उभारली. त्याचें कारण बोधप्रद आहे. १९६० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें डॉ. आल्बर्ट विन्सेमियस हे डच अर्थशास्त्रज्ञ येथें आले. त्यांनीं पंतप्रधान ली क्वान यू यांस आरंभींच दोन गोष्टी सांगितल्या: साम्यवाद्यांचा बीमोड करा, आणि रॅफल्सचा पुतळा हलवूं नका. पुतळा राहिला म्हणजे जुना शब्दही राहील, अशी परदेशच्या धनिकांची खात्री पटावी, हा हेतु.

दोन्ही उपदेश अंमलांत आले. पश्चिमेस जुरोंगच्या दलदलींत भराव घालून कारखाने उठले. १९६५ मध्यें मलेशियापासून विभक्त झालेल्या या बेटास ना शेती, ना खनिजें. तरी थोड्याच वर्षांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या अमेरिकन कंपन्या आल्या. चीनचे डेंग झ्याओपिंग यांनीं १९७८ मध्यें जुरोंगच्या टेकडीवर झाड लावलें. दोनच वर्षांनीं चीननें शेन्झेन येथें परकीय भांडवलास दार उघडलें.

आतां दक्षिणेचें सेंटोसा बेट पाहा. आज तेथें कुटुंबें मुलांबाळांसह करमणुकीस जातात. चिया थाय पोह या विरोधी पक्षाच्या तरुण पुढाऱ्यास १९६६ मध्यें खटल्यावांचून कैद झाली. तेवीस वर्षांनीं तुरुंगाचें दार उघडलें, तें याच बेटावर एका खोलींत राहण्याच्या अटीवर! सारे निर्बंध उठावयास १९९८ साल उजाडलें. तोंवर भांडवल येतच राहिलें होतें.

यावरून कोणी म्हणेल, दडपशाहीनेंच भांडवल येतें. हा हेत्वाभास होय. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक लावून पाहावा. ब्रह्मदेशांतही १९६२ पासून लष्करी अंमल होता. पण तेथें खाजगी उद्योग सरकारजमा झाले आणि देश दरिद्रीच राहिला. २०११ नंतर बंधनें सैल होतांच नॉर्वेच्या टेलेनॉरसारख्या कंपन्या आल्या. २०२१ च्या लष्करी बंडानंतर सुमारें वर्षभरानें टेलेनॉरनें गाशा गुंडाळला. म्हणजे भांडवलास दडपशाही नको असते, तशी लोकशाहीही अवश्य नसते. त्यास हवा असतो कायद्याचा भरंवसा, निर्मळ अधिकारी आणि पाळला जाणारा करार. जुरोंगला हें सारें मिळालें.

म्हणूनच नागरिकाच्या स्वातंत्र्याचें मोल भांडवलाच्या तराजूंत जोखूं नये. पाहुणा ओसरी लखलखीत आहे कीं नाहीं तेवढें पाहतो. माजघरांतील माणसांस तोंड उघडण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, हें घरच्यांनींच पाहावयाचें असतें.