वाईच्या वाटेवरची शीळ

पुण्याहून वाई काही फार दूर नाही; सकाळचा चहा घेऊन निघावे आणि जेवणाच्या आत कृष्णाकाठी पोहोचावे. पण आमच्या आईला तिथे जायला तीस वर्षे लागली. २०२२ च्या डिसेंबरात अखेर तो योग आला.

लग्नानंतरची दहा वर्षे तिने वाईत काढलेली. १९८१ साली बाबांनी घाटावर बसून म्हटलेले अभंग एका कॅसेटवर होते. मुलाने ते पेन-ड्राइव्हवर उतरवले आणि आईला वाटेत ऐकवावेत म्हणून मी गाडीत नवा स्टिरिओ अन् सीटखाली छोटा ॲम्प्लिफायर बसवून घेतला.

खंबाटकीच्या चढावर गाडी खालच्या गिअरात आली मात्र, बाबांच्या आवाजावर एक बारीक शीळ चढली! इंजिनाने वेग घेतला की शीळ वर, वेग उतरला की खाली.

“अहो, गाडीत कुकर लावलाय की काय?” सौभाग्यवती म्हणाल्या.

आई मात्र एवढेच म्हणाली, “राहू दे रे, बंद कर.” आणि खिडकीबाहेर पाहत बसली. ते मला लागले.

सुरूर फाट्यावरून वळून वाईत शिरलो तो प्रथम मिस्त्री शोधला. त्याने आवाजाचे बटण शून्यावर आणले, शीळ तशीच. इंजिन बंद केले; शीळ गप्प. ॲम्प्लिफायरला आलेली स्टिरिओची तार काढून पुन्हा इंजिन सुरू केले, तरीही गप्प.

“साहेब, यंत्रे दोन्ही चांगली आहेत. अर्थिंग कच्चे आहे,” तो म्हणाला.

गाडीचा अल्टरनेटर बॅटरी भरतो, पण त्याच्या विजेत थोडी थरथर उरतेच. स्टिरिओ एका जागी आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या, रंग लावलेल्या बोल्टवर अर्थ केलेला. त्यामुळे ती थरथर आवाजाच्या तारेतून वाट काढी आणि ॲम्प्लिफायर तीच मोठी करी. मिस्त्रीने पॉलिश पेपरने रंग खरवडून लख्ख पत्रा काढला आणि दोन्ही अर्थ त्या एकाच जागी घट्ट आवळले. विजेच्या तारेला खेटून आणलेली आवाजाची तार गाडीच्या दुसऱ्या बाजूने फिरवली.

“बाजारात फिल्टर मिळतो, पण आधी रोग काढावा, मग औषध,” हे त्याचे शास्त्र!

ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही पसरणीचा घाट चढू लागलो. खाली धोमचे पाणी उन्हात चमकत होते. इंजिन धापा टाकत होते, पण शीळ नव्हती. बाबांचा आवाज स्वच्छ येत होता आणि त्याच्यामागून, इतके दिवस कुणाच्याच कानी न पडलेला, थप् थप् असा एक आवाज.

“हा आणखी कसला बिघाड?” मी वैतागून म्हणालो.

आई हसली. डोळ्यांना पदर लावीत म्हणाली, “बिघाड नव्हे रे. ते गात होते, तेव्हा खालच्या पायरीवर मी धुणं धूत होते.”