इंजिन कुणाचा मान राखत नाही

इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर ज्या माणसानं साखर कारखाना उभा केला, त्यानंच मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना काढला. इकडच्या माणसाला वालचंद हिराचंद म्हटलं की वालचंदनगर आठवतं, मुंबईकराला प्रीमियर पद्मिनी. दोन्ही आठवणी सहसा एकमेकींना भेटत नाहीत. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात एखाद्या वस्तीवर शेवग्याखाली बॉनेट वर केलेली जुनी पद्मिनी उभी असावी, आत बाप आणि लेक कमरेत वाकलेले असावेत, मडगार्डवर गोणपाट टाकून त्यावर हत्यारं मांडलेली असावीत, तेव्हा मात्र त्या एकत्र येतात. त्या दृश्याकडे लोक मायेनं बघतात आणि पुढे जातात. मला वाटतं, तिथं मायेपेक्षा मोठं काहीतरी चाललेलं असतं. आपल्या घरांत वडिलांचा शब्द जमिनीच्या वाटणीत चालतो, लग्नात चालतो, मुलानं सायन्सला जायचं की आर्ट्सला त्यातही चालतो. आणि तो बरोबर होता की चूक, हे कळायला दहा-वीस वर्षं जातात. तोवर विचारण्यात अर्थ उरत नाही. उघड्या इंजिनापुढे मात्र वडिलांनी काही म्हटलं की पाच मिनिटांत निकाल लागतो, आणि तो मुलादेखत लागतो. वडिलांच्या मताची अशी रोकडी परीक्षा घरात दुसरीकडे कुठे होत असेल, असं मला वाटत नाही.

गाडी सकाळी सुरू होत नाही, इथून गोष्ट सुरू होते. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, पेट्रोल पंप, सगळं दिसेल आणि हाताला लागेल असं. वडील, म्हणजे आण्णा, म्हणतात, पेट्रोल येत नसणार. मुलगा पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरतो, आण्णा सेल मारतात, आणि पेट्रोल चांगलं जोरात येतं. म्हणजे आण्णांचा अंदाज चुकला. आता रागवायचं कुणावर? "मग करंट बघ," एवढंच बोलता येतं. बाटली लांब नेऊन ठेवायची, नळी बसवायची, सांडलेलं पेट्रोल वाळू द्यायचं. मग प्लग खोलून त्याला वायरीची टोपी लावायची, त्याचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि पुन्हा सेल मारायचा. ठिणगी निळी आणि कडक पडली तर करंट ठीक. पिवळट, मलूल पडली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडायचं. आतले पॉइंट बहुतेक वेळा जळून काळे झालेले असतात. ते पॉलिश पेपरनं हलके घासायचे आणि फिलर गेजची पाती मधे घालून गॅप बघायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा. पाती सरकताना किंचित अडखळली पाहिजे, अडकता कामा नये. हे अडखळणं किती, ते तोंडानं सांगता येत नाही. म्हणून वडील पाती मुलाच्या हातात देतात आणि बाजूला होतात.

त्यातही प्लग वाचायला शिकणं हा माझ्या मते या साऱ्या शिक्षणाचा गाभा आहे. प्लगच्या टोकाजवळचा पांढरा भाग विटकरी झालेला असेल तर आतलं जळण व्यवस्थित आहे. कोरडी काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. काळा पण तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हकडून ऑइल वर येतंय, आणि मग खर्च मोठा आहे. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. चार सिलिंडरचे चार प्लग ओळीनं मांडले की कुठल्या खोलीत काय बिघडलंय ते न उघडता कळतं. शाळेतल्या प्रयोगात उत्तर आधी जर्नलमध्ये लिहिलेलं असतं आणि आकडे त्याच्याशी जुळवून घ्यायचे असतात. इथं उत्तर कुणालाच माहीत नसतं, वडिलांनाही नाही. ते चाळीस वर्षांच्या अनुभवावरून अंदाज बांधतात, पोरगं चार यूट्यूब व्हिडिओ बघून बांधतं, आणि दोघांचे अंदाज एकाच ठिणगीपुढे उभे राहतात. मे महिन्यात इंदापूरकडच्या उन्हात पेट्रोल नळीतच उकळून गाडी रस्त्यात बसते, तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकायची युक्ती वडिलांची. पण एखाद्या दिवशी ओलं फडकं टाकूनही गाडी हलत नाही आणि खरा दोष मुलानं दाखवलेल्या सैल वायरीत निघतो. वय, मान, घरातली जागा यांतलं काहीच इंजिन विचारात घेत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं मागाहून चढवलेलं मोठेपण आहे. गॅरेजला द्यायला पैसे नव्हते म्हणून लोक घरी दुरुस्ती करत. पैसे नव्हते हे खरं. सेकंडहँड फियाट घेणाऱ्या मास्तराला किंवा छोट्या बागायतदाराला दर खेपेला मेकॅनिक परवडणारा नव्हता. पण पैसे नसणं हे कारण झालं, कसब कुठून आलं? गरिबी तर सगळीकडे होती. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरतं तरी मला त्याचं उत्तर ऊस आणि लोखंड यांच्या शेजारात दिसतं, आणि त्यासाठी वालचंदांकडे जरा सविस्तर जावं लागेल. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस रेल्वेची कंत्राटं घेत मोठा झाला, भोर घाटातले बोगदे त्यानं केले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची बोट इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून मुंबईहून निघाली, त्यामागे तो होता. १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. सुरुवातीला क्रायस्लरशी करार करून १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंद गेले. ज्या गाडीला लोक पद्मिनी म्हणून ओळखतात तिला ते नाव १९७४ मध्ये मिळालं, ते त्यांनी पाहिलं नाही. बोट, विमान, मोटार या यादीत कळंबचा ऊस विजोड वाटतो. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तीसच्या दशकात रेल्वेपासून आणि शहरापासून दूर माळावर साखर कारखाना चालवायचा म्हणजे गिअर तुटला, शाफ्ट वाकला, तर तो तिथंच करून घेता आला पाहिजे. ऊस तोडल्यावर थांबत नाही, तासातासाला त्यातली साखर घटते. म्हणून कारखान्याच्या कुशीत कार्यशाळा लागते, लेथ लागतात, ओतकाम लागतं. वालचंदनगरची ही कार्यशाळा पुढे दुसऱ्यांसाठी साखर कारखान्यांची यंत्रं बनवू लागली, आणि आणखी पुढे इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंगही तिथं तयार झाली. माळावरच्या दुरुस्तीच्या गरजेतून अवकाशापर्यंत गेलेली अशी वाट देशात फार थोड्या ठिकाणी असेल.

आणि साखर कारखान्याचं वर्ष कसं असतं ते बघा. मालेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगरचा छत्रपती किंवा बिजवडीचा कर्मयोगी असो, गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, मग कारखाना बंद. आतल्या माणसाला ठाऊक असतं की खरं काम आता सुरू झालं. ऑफ सीझनमध्ये अख्खा कारखाना उघडला जातो. झिजलेले मिलचे रोलर उतरवून त्यांच्या खाचा पुन्हा कोरल्या जातात, बॉयलरच्या आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतली पापुद्र्यांची कीट काढली जाते, पंप, बेअरिंग, व्हॉल्व्ह एकेक खोलून, बघून, बदलून पुन्हा बसवले जातात. यंत्र चालू असताना बिघडलं म्हणून उघडलं असं नाही. चाललेलं यंत्रसुद्धा वर्षातून एकदा उघडायचंच, हा तिथला नेम. अशा कारखान्यात फिटर, टर्नर, वेल्डर, ऑइलमन म्हणून आयुष्य घातलेला माणूस घरी आल्यावर दारातल्या गाडीकडे त्याच नजरेनं बघतो. खंडेनवमीला हत्यारांना झेंडूची फुलं वाहताना तो पानेसुद्धा आकारानं ओळीत मांडतो, दहा-अकरा, बारा-तेरा, सोळा-सतरा. त्याच्या मुलाला जे मिळतं त्याला जुगाड म्हणणं मला मान्य नाही. जुगाड म्हणजे आजचा दिवस भागवणं. ऑफ सीझनचा माणूस पुढचा हंगाम बघून नट आवळतो, आणि आटे जाऊ नयेत म्हणून शेवटचा अर्धा फेर कुठे थांबवायचा ते त्याच्या मनगटाला कळतं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. बापासोबत गाडीखाली शिरलेल्या कितीतरी जणांना त्यातलं प्रेम आठवत नाही, ओरडा आठवतो. टॉर्च नीट धर. मी मागितला तेराचा, तू दिलास चौदाचा. नट मातीत पडला, आता शोध. हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वतःचा अंदाज चुकल्याचा राग जवळच्या लेकरावर निघतो. तरीही माझं म्हणणं टिकतं, कारण ओरडल्यानं इंजिन सुरू होत नाही. शेतात, स्वयंपाकघरात, शाळेच्या निकालाच्या दिवशी चढलेला आवाज बाजी मारून जातो. इथं त्याला काहीच मिळत नाही. दहा मिनिटं आरडाओरडा झाल्यावरही डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडावंच लागतं आणि लेकरानं मघाशी सांगितलेली तडा गेलेली जागा तिथंच असते. वडील तोंडानं मान्य करोत न करोत, हात मान्य करतात. ज्या मुलानं हे एकदा पाहिलं, त्याला मोठ्यांचं ऐकणं आणि मोठ्यांचं तपासणं या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

'मुलानं' असं मी लिहितो आहे आणि त्याचा मला त्रास होतो. या शाळेत मुलींना फार कमी वेळा बसवलं गेलं. बाईनं ग्रीसमध्ये हात घालायचे नाहीत असं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, तरी हाक भावालाच जायची. आणि आई? तिच्याकडे शिलाई मशीन होतं. तिनं त्याचं शटल काढून, दोऱ्याचा ताण बघून, तेल घालून केलेली दुरुस्ती अगदी याच जातीची होती, पण तिला कुणी यंत्रज्ञान म्हटलं नाही. कारखान्यांच्या आसपासच्या आयटीआयमध्ये मुली दिसू लागल्या आहेत ही चांगली गोष्ट आहे. घरच्या अंगणातली हाक मात्र अजून बदलायची आहे, आणि ती बदलायला सरकार लागत नाही.

धुराचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न मी टाळणार नाही. पद्मिनीला एअरबॅग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि तिचा धूर आजच्या कुठल्याही कसोटीला उतरत नाही. मुंबईनं आपली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पूर्ण होताच ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून काढली, ते योग्यच झालं. पंधरा वर्षं झालेल्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, एम.एच. ४२ ची पाटी लावून बारामतीच्या कार्यालयात येणाऱ्या जुन्या गाड्यांनाही त्यातून सुटका मिळाली नाही. जुन्या गाडीनं रोज कामावर जावं असं माझं म्हणणंच नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग घरी उघडू नयेत असंही मला ठामपणे वाटतं. तिथं चुकलेल्या अंदाजाची किंमत तिसराच कुणीतरी मोजतो. माझा आग्रह गाडी जपण्याचा नाही, उघडता येण्याचा आहे. प्रदूषण कमी करायला इंजिन शहाणं झालं, यात वाईट काही नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस. सहा गाड्यांत सेन्सर स्वतःच दोष नोंदवतात. पण तो दोष वाचायचं यंत्र आणि त्याचा अर्थ सांगणारी पुस्तिका मालकाच्या हाती का नसावी? धूर आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्याच्या नावाखाली दुसरं खपवलं जातं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या पहिल्या चार विषयांत मोटारी होत्या आणि शेतीची अवजारंही होती. ऊसपट्ट्यातल्या ट्रॅक्टरवाल्याला यातलं दुसरं जास्त जवळचं आहे. ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला आणि तो कंपनीच्या माणसाशिवाय उघडत नसेल, तर फडात ऊस वाळतो.

उघडता येणं हे आखणीतच ठरवता येतं, आणि त्याचा दाखला याच पट्ट्यात आहे. बारामतीच्या एमआयडीसीत इटलीच्या पियाजिओचा कारखाना आहे. तीनचाकी आपे तिथं बनते, २०१२ पासून व्हेस्पाही बनते, आणि आता विजेवरची आपेसुद्धा. म्हणजे या दोन शेजारी तालुक्यांना दोन इटालियन गाड्यांचा धागा आहे, एक फियाटचा आणि एक व्हेस्पाचा. व्हेस्पा पुणे जिल्ह्याला नवीन नाही. बजाजनं ती साठच्या दशकात परवान्यावर बनवली, १९७१ मध्ये तो करार संपला आणि मग चेतक आली. व्हेस्पा रेखाटली ती कोरादिनो दास्कानियो यांनी, १९४६ मध्ये. ते मूळचे विमानांचे इंजिनिअर, आणि मोटारसायकल त्यांना आवडत नसे: कपडे ऑइलनं माखतात, पंक्चर झालं तर चाक काढणं जिकिरीचं. म्हणून त्यांनी इंजिन झाकलं आणि चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, म्हणजे नट सोडले की चाक सरळ बाहेर यावं. हीच मांडणी चेतकपर्यंत आली. तेराचा पाना, मागे लावलेली स्टेपनी, आणि घरातलं कुणीही, अगदी सहावीतली मुलगीसुद्धा, रस्त्याच्या कडेला चाक बदलू शकेल, हे त्या माणसानं कागदावरच ठरवलं होतं.