पैनगंगेच्या कांठाकांठानें

यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाहीं. पाठीवर बिऱ्हाड बांधून किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडण्याची ज्यांस हौस आहे, त्यांनीं कोंकण गांठावें हें खरें; परंतु आमच्यासारख्या वऱ्हाडांतील गृहस्थांस प्रत्येक हिंवाळ्यांत तितकी सवड कोठून मिळणार? आमचा किनारा म्हणजे पैनगंगेचा. अजिंठ्याच्या डोंगरांत बुलढाण्याजवळ उगम पावलेली ही नदी आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन पुढें वर्धा नदीस मिळते. उमरखेड तालुक्यांत तिचा कांठ इतका खडकाळ व रानवट आहे कीं, समुद्र नसल्याचें दुःख तेथें कोणासही होऊं नये.

मार्गशीर्षांतील एका शनिवारीं पहांटे आम्ही चौघे निघालों: आम्ही, आमचें कुटुंब, चौदा वर्षांचे चिरंजीव आणि आमचे स्नेही गुरुजी. ढाणकीपर्यंत एस. टी. होती, तेथून पुढें नदीकांठचें एक खेडें गांठून पायीं चालण्यास प्रारंभ केला. रविवारीं सहस्रकुंडाचा धबधबा पाहून परतावयाचें, असा बेत होता. पाठीवरच्या पिशव्यांत पांघरूणें, दशम्या, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ हें सर्व पुष्कळ होतें. पाणी मात्र प्रत्येकीं एकच बाटली. "नदी शेजारीं असतां पाण्याचें ओझें कशाला?" हें शहाणपण आमचें!

सकाळ मोठी रम्य गेली. एका बाजूस फुटलेल्या कापसाची शेतें, तुरीच्या शेंगांनीं लवलेलीं झाडें; दुसऱ्या बाजूस खोल पात्रांतील काळा कातळ आणि त्यामधून वळणें घेत जाणारें हिरवें पाणी. गुरुजींनीं चिरंजीवांस पलीकडचा तीर दाखविला आणि सांगितलें, "बाळ, तो कांठ 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि हा वऱ्हाडचा कांठ 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं. पाणी एकच, पण दोन तीरांवर दोन सरकारें." आज तो तीर नांदेड जिल्ह्यांत आहे, आणि दोन्ही तीरांवरील जंगलास पैनगंगा अभयारण्य म्हणतात.

दुपारीं पायवाट नदी सोडून आंत वळली. गुरुजी म्हणाले, "वाट सोडूं नये." आम्हीं उत्तर दिलें, "नदी सोडली नाहीं म्हणजे वाट चुकत नाहीं." हें वाक्य ऐकावयास जितकें चांगलें, तितकेंच आचरणांत खोटें ठरलें. पैनगंगेस मिळणारे ओहोळ व नाले कांठास जागोजागीं चिरून गेले आहेत. एक नाला उतरावा, करवंदीच्या जाळ्यांतून वर चढावें, तों दुसरा पुढें उभा! अखेरच्या नाल्यांतील चिखलामुळें मोठा वळसा पडला. पिशवीचे बंद खांद्यांत रुतूं लागले, बाटल्या रित्या झाल्या, आणि सूर्य सागाच्या झाडांआड गेला. नदीचा आवाज खालून येत होता. परंतु उभ्या दरडीवरून अंधारांत उतरण्याचें धाडस कोण करणार?

चिरंजीव एका दगडावर बसले व हळूच म्हणाले, "बाबा, मला पाणी हवंय." रानडुकरें व अस्वलें असलेल्या त्या रानांत आमच्या हट्टानें आम्हीं मुलास आणून बसविलें, या जाणिवेनें आमच्या अंगास कांपरें सुटलें. कुटुंब कांहीं बोललें नाहीं. तें मौन शब्दांहून जड होतें.

इतक्यांत दूर एक दिवा हालला. गुरुजींनीं हांक दिली. पीक राखण्यासाठीं माळ्यावर बसलेला एक आंध शेतकरी कंदील घेऊन आला आणि कांहीं न विचारतां आम्हांस आपल्या घरीं घेऊन गेला. त्याच्या कारभारणीनें पाण्याचा तांब्या भरला. पण तो पुढें करतांना ती थबकली. "बाई, आमच्या हातचं चालतं ना तुम्हाला?"

आमची आजी सोंवळ्यांत कोणाची सावली पडूं देत नसे. तिच्या पंक्तीस वाढलेल्या आम्हांस त्या प्रश्नानें एकदम मान खालीं घालावयास लावलें. तो प्रश्न त्या माउलीचा नव्हता. आमच्या वाडवडिलांनीं तो तिच्या ओठीं ठेविला होता. कुटुंबानें दोन्ही हातांनीं तांब्या घेतला, आधीं मुलास पाजलें, मग स्वतः प्यालें, आणि म्हणालें, "वहिनी, चालण्याचं काय विचारता? आज तुम्ही होतात म्हणून आम्ही आहोंत."

रात्रीं भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि मिरचीचा ठेचा. मग कारभारणीनें सांगितलें कीं, चैत्रांत विहीर आटते. नदीच्या वाळूंत झिरे खणून वाटी-वाटीनें हंडा भरावा लागतो. ज्या पाण्याचा एक तांब्या आम्ही सहज रिता केला, त्याचें मोल आम्हांस त्या वेळीं कळलें.

सकाळीं यजमानांनीं वाट दाखविली आणि आम्ही मुरली गांवावरून सहस्रकुंडास पोहोंचलों. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थिजलेल्या लाव्हारसाचा तो काळा कातळ नदीनें चिरून काढला आहे. हिंवाळ्यांत धारा बारीक. पण त्या अखंड पडत होत्या. महादेवाचें दर्शन घेऊन आम्ही कातळावर बराच वेळ मुकाट्यानें बसलों. निघतांना यजमानांच्या हातीं आम्हीं कांहीं पैसे ठेवूं लागलों, तों ते मागें सरले. "पोराला आषाढांत घेऊन या, तवा कुंड बोलतं," एवढेंच ते म्हणाले.

वाचकांपैकीं कोणी या वाटेनें जाणार असतील, तर त्यांनीं वनखात्याची परवानगी घ्यावी, गांवकरी वाटाड्या सोबत ठेवावा, पाणी दुप्पट न्यावें आणि दिवस मावळण्यापूर्वीं वस्ती गांठावी. मुलांस मात्र अवश्य न्यावें. आमच्या चिरंजीवांनीं घरीं आल्यावर प्रथम काय केलें म्हणाल? वाहता नळ बंद केला.