सेल्फ लागतो, गाडी पकडत नाही

"सेल्फ लागतोय, पण गाडी सुरूच होत नाही." असा फोन आला की मी आधी सांगतो, किल्ली फिरवणं थांबवा. बॅटरी उतरली तर चार्ज करता येते. पण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जातं. इंजिनाने एकदम पकडलं की ते तिथे जळतं आणि आतली महागडी जाळी वितळू शकते.

सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण 200 ते 250 फेरे देतो. तेवढ्या संथ फिरण्यातच दाब, पेट्रोल आणि ठिणगी ऐन क्षणी एकत्र यावी लागतात. दाब मी कानाने ओळखतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोनदा दाब येतो, म्हणून सेल्फ ठेक्यात अडखळत चालतो. ठेका जाऊन नुसती हलकी, भरभर घरघर ऐकू आली तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय धरावा. अशा वेळी किल्लीला हातही लावू नये. बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला धडकून ते वाकवतो.

पेट्रोल पंप टाकीत असतो. इग्निशन ऑन केलं की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण येते. ती नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायरिंग बघावं (उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आमच्याकडे नेहमीच्याच) आणि शेवटी पंप.

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते क्रँक सेन्सरबद्दल. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चाकाजवळ तो बसवलेला असतो. अनेक इंजिनांत या चाकावर 60 दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. त्या मोकळ्या जागेवरून कॉम्प्युटरला पिस्टन कुठे आहे ते कळतं. हा सिग्नल गेला की बहुतेक गाड्यांत ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. दगा देतो तो बहुधा तापल्यावर. घाट चढताना गाडी बंद पडते, तासाभराने निवते आणि काहीच न झाल्यासारखी सुरू होते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कधीकधी कोडच सापडत नाही. मग आधी प्लग, पुढे कॉइल, त्यानंतर पंप असं अंदाजाने बदलत जायचं आणि बिल गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं, याची मला मनापासून चीड आहे. गाडी बंद पडलेली असतानाच सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम बघावा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर संशय सेन्सर आणि त्याच्या वायरिंगवर. यासाठी नवा पार्ट घ्यावा लागत नाही, गाडी तापेपर्यंत थांबण्याची चिकाटी लागते.

प्रीमियर पद्मिनीच्या काळी पावसात डिस्ट्रिब्युटरची कॅप कोरड्या फडक्याने पुसली की बऱ्याचदा काम भागायचं. आता तशी कॅपच राहिली नाही.

डिझेलला ठिणगी लागत नाही, दाब मात्र प्रचंड लागतो. कॉमन रेलमध्ये साधारण दीडशे-दोनशे बार चढल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाही. फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा धरली तर तिथंच अडतं.

म्हणून फोनवर गाडीचं मॉडेल सांगून थांबू नका. गाडी गार होती की तापलेली, पेट्रोलचा वास येतोय का, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का आणि डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकतंय का, तेही सांगा. ते लुकलुकत असेल तर आधी दुसरी किल्ली लावून बघा. गाडीला पहिली ओळखू येत नसेल.