ही घंटा कशाची?

दोन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. भेटीच्या वेळेत मी अतिदक्षता विभागात गेले, तेव्हा खाटेजवळची यंत्रे एकामागून एक वाजत होती. प्रत्येक आवाजासरशी माझ्या पोटात खड्डा पडे. तिथल्या परिचारिकेने माझा चेहरा पाहिला आणि हातातले काम थांबवून ती म्हणाली, “काकू, ही घंटा बोटावरचा चिमटा सरकला म्हणून वाजते. ती दुसरी सलाइन संपत आल्याची. या दोन्हींना घाबरायचं नाही. आणि खरोखर धोक्याची वाजली, तर तुम्ही काहीच करायचं नाही, आम्हीच धावत येऊ.” एवढे सांगायला तिला एक मिनिटही लागले नसेल. पण त्या रात्री बाहेरच्या बाकावर मला झोप लागली, ती त्या एका मिनिटामुळे.

गेल्या पावसाळ्यात ती परिचारिका मला वारंवार आठवली. निमित्त होते आमच्या घरातल्या संगणकाचे.

हा संगणक लेकीने करोनाच्या काळात घेऊन दिला. ती परदेशी असते. दर रविवारी सकाळी नातीचे तोंड त्याच्या पडद्यावर दिसते. याखेरीज वीजबिल भरणे, रक्ततपासणीचे अहवाल उघडणे, जुनी नाट्यगीते ऐकणे, अशी यांची सारी कामे त्यावरच चालतात. यांचे वय शहात्तर. सरकारी लेखापरीक्षण खात्यात यांची अडतीस वर्षे गेली. गुडघ्यांमुळे फिरणे कमी झाले, तसा हा पडदाच यांचे अंगण झाला. लेकीने त्यात एका कंपनीचे अँटिव्हायरस रीतसर पैसे भरून बसवून दिले होते. “बाबा, आता काळजी नको,” असे ती म्हणाली होती.

आषाढाच्या सुरुवातीला पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल चौकट उमटू लागली. तुमचे यंत्र धोक्यात आहे, असे त्यात इंग्रजीत लिहिलेले असे. कोणता धोका, तो कुठून आला, आपण काय करायचे, यांपैकी एकाचेही उत्तर तीत नव्हते. एक बटण मात्र होते. ते दाबावे तर भीती आणि न दाबावे तरी भीती. दोन दिवसांनी दुसरी चौकट आली. तिच्यात पाच विषाणू सापडल्याचे लिहिले होते. मग तिसरी आली. रंग तोच, भाषाही तशीच. प्रत्येक वेळी हे खुर्चीतून उठत आणि भिंतीवरचे बटणच बंद करून टाकत.

यांच्या रक्तदाबाची नोंद मी एका वहीत ठेवते. एरवी वरचा आकडा १३५ ते १४० असायचा. त्या आठवड्यात एका संध्याकाळी तो १६८ भरला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १६० च्या खाली आला नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी औषधांची चौकशी केली आणि मग विचारले, “घरात काही ताण आहे का?” संगणकाच्या कोपऱ्यातल्या चौकटीला ताण म्हणावे की नाही, हे मला तेव्हा कळेना. मी “नाही” म्हणाले.

मग आम्ही कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. हिंदीसाठी अमुक दाबा, इंग्रजीसाठी तमुक दाबा. मराठीसाठी काहीच नव्हते. पंचवीस मिनिटे संगीत ऐकल्यावर एक तरुण मुलगा बोलू लागला. बोलणे अदबीचे होते. सारे ऐकून घेऊन तो म्हणाला, “ही सूचना आमची नाही.”

“मग कोणाची आहे?”

“ते आम्ही सांगू शकत नाही.”

“मग आम्ही तिचं करायचं तरी काय?”

“आपली तक्रार नोंदवली आहे. क्रमांक मोबाइलवर येईल.”

क्रमांक आला. चौकटही येतच राहिली. दुसऱ्या फोनवर दुसराच आवाज होता. त्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. त्याने अधिक किमतीची आवृत्ती घेण्याचा सल्ला दिला. ती घेतल्यावर चौकट जाईल का, या प्रश्नावर “शक्यता आहे” एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी पडद्याचे छायाचित्र ईमेलने पाठवायला सांगितले. शेजारच्यांच्या मदतीने आम्ही तेही केले. चौथ्या दिवशी उत्तर आले: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया आमच्या सेवेला पाचांपैकी तारे द्या. हे पत्र आम्ही वाचत होतो, तेव्हा कोपऱ्यात लाल चौकट जशीच्या तशी उभी होती. मला हसू आले. यांना आले नाही.

त्यानंतर यांच्या वागण्यात फरक पडला. जेवण उरू लागले. रविवारी लेकीचा फोन आला, तर “आज डोकं जड आहे” म्हणून हे आतल्या खोलीत जाऊन पडले. नात पडद्यावरून “आजोबा कुठे?” म्हणून विचारत राहिली. रक्तदाब मोजू या म्हटले की “नंतर बघू.” वहीत तीन दिवसांच्या जागा कोऱ्या राहिल्या. चौथ्या रात्री दिवा मालवल्यावर मी विचारले, “अहो, काय झालंय? मला सांगणार नाही, तर कोणाला सांगणार?”

बराच वेळ हे गप्प होते. मग अंधारातच बोलू लागले.

मी औषधे आणायला गेले होते, त्या दुपारी पुन्हा एक चौकट आली होती. तिच्यात मदतीसाठी फोन क्रमांक दिलेला होता. यांनी तो लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. पलीकडचा माणूस शुद्ध मराठीत बोलला, यांना “काका” म्हणाला, चहा झाला का, असेही त्याने विचारले. मग चाळीस मिनिटे तो न कंटाळता बोलत राहिला. त्याच्या सांगण्यावरून यांनी एक ॲप उतरवून घेतले. आपला पडदा त्यामुळे दुसऱ्याला दिसतो, हे यांना पुढे कळले. मग तो म्हणाला, “काका, आता बँकेचं पान उघडा, ते सुरक्षित आहे ना, एवढंच बघू.” बँकेचा पासवर्ड माझ्या डायरीत असतो आणि डायरी कपाटात. कपाटाची किल्ली माझ्या पिशवीत होती. “थांबा, ही आल्यावर बघतो,” असे यांनी म्हणताच त्या माणसाचा आवाज बदलला. तो ओरडू लागला. तेव्हा कुठे यांच्या लक्षात आले. फोन ठेवताना हात थरथरत होते म्हणाले.

“अडतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले,” हे म्हणाले, “आणि मीच असा फसायला निघालो. तुला कोणत्या तोंडाने सांगू?”

मला राग आला होता, हे मी लपवणार नाही. चार दिवस ते ॲप यंत्रात तसेच होते. पण अंधारात तो आवाज ऐकला आणि शब्द ओठांवरच राहिले. मी एवढेच म्हटले, “फसला नाहीत. थांबलात ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामाला लागलो. आधी इंटरनेट तोडले. बँकेत जाऊन सारी हकिकत सांगितली, खाते तपासून घेतले. पासवर्ड बदलले, तेही त्या संगणकावरून न बदलता माझ्या फोनवरून. सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. नशिबाने पैसे गेले नव्हते. गेले असते तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवायचे असते. जितक्या लवकर कळवावे, तितकी पुढे सरकणारी रक्कम अडवता येण्याची आशा अधिक. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात बँकांना घालून दिलेला नियमही मला तेव्हाच समजला. ग्राहकाने स्वतःच माहिती देऊन टाकली असली, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल, ते बँकेने सोसायचे असते. म्हणजे लाजेपोटी गप्प राहिलेला प्रत्येक तास आपल्याच खात्यावर पडतो.

वरच्या मजल्यावर अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी राहते. ती आली, ते ॲप काढून टाकले, संपूर्ण यंत्र तपासले आणि मग शांतपणे यांच्या शेजारी बसली. “आजोबा, या सगळ्या चौकटी एका घरच्या नाहीत,” ती म्हणाली. एक खरोखर अँटिव्हायरस कंपनीची होती. तिचे म्हणणे एवढेच, की मुदत संपत आली आहे, पैसे भरा. दुसरीही त्यांचीच, पण ती निव्वळ जाहिरात होती. बाकीच्या, फोन क्रमांकाच्या चौकटीसकट, एका संकेतस्थळाकडून येत होत्या. नाट्यगीते शोधताना यांनी केव्हातरी तिथे ‘अनुमती द्या’ या अर्थाचे बटण दाबले होते. तेव्हापासून त्या संकेतस्थळाला आमच्या पडद्यावर हवे तेव्हा चौकट लावण्याचा परवानाच मिळाला होता. यंत्रात विषाणू एकही नव्हता. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स नावाचा भाग असतो. त्यातून तिने तो परवाना काढून घेतला आणि कसा काढायचा, ते यांच्याकडून दोनदा करून घेतले. सारे मिळून वीस मिनिटे.

“ही सूचना आमची नाही,” असे म्हणणारा तो पहिला मुलगा खोटे बोलला नव्हता. त्याने आणखी दोन वाक्ये सांगितली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. बोलणे किती मिनिटांत संपवायचे, काय सांगायचे आणि काय नाही, हे बहुधा त्यालाही कोणी ठरवून दिलेले असेल. माझा राग त्याच्यावर नाही. सल मात्र आहे. पैसे घेतलेल्यांनी आम्हाला वेळ दिला नाही, आमची भाषा दिली नाही, नेमके उत्तर दिले नाही, आणि हे तिन्ही घेऊन चोर दारात उभा राहिला. म्हाताऱ्या माणसाला लुबाडणे सोपे जाते, ते त्याची बुद्धी मंदावते म्हणून, असे सरसकट म्हणतात. आमच्या घरी मी पाहिले ते निराळे. आठवडाभर कोणी धड न ऐकलेला माणूस, जो ऐकतो त्याच्याकडे वळला.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे संगणक किंवा स्मार्टफोन वापरतात, त्यांना आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पडद्यावरच्या इशाऱ्यात फोन क्रमांक असेल, तर तो लावू नये. मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट सांगितले आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीच नसतो. ग्राहकसेवेचा क्रमांक घ्यावा तो खरेदीच्या पावतीवरून किंवा खोक्यावरून. कोणाच्याही सांगण्यावरून पडदा दाखवणारे ॲप उतरवू नये. आणि पैसे भरूनही कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

पाचवी गोष्ट मात्र तंत्राची नाही. “बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं,” हे वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये. ते एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी काही सांगत नाही. त्या चार दिवसांतली आमच्या वहीतली कोरी जागा मला १६८ या आकड्यापेक्षा अधिक भीतिदायक वाटते. आकड्यावर औषध करता येते. न सांगितलेल्या गोष्टीवर काय करणार?

त्या मुलीने जाण्यापूर्वी एका पुठ्ठ्यावर ठळक मराठी अक्षरांत लिहून दिले: कोणती चौकट खरी, तिचे चिन्ह कसे असते, ती आल्यास काय करायचे, आणि कोणती आल्यास काहीच करायचे नाही. तो पुठ्ठा आता संगणकाशेजारी भिंतीवर आहे. तो पाहिला की मला अतिदक्षता विभागातली ती परिचारिका आठवते.

परवा डॉक्टरांकडे गेलो होतो. रक्तदाब १३६ होता. ताणाचे त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा या वेळी मी सारे सांगितले. त्यांनी ते कागदावर लिहूनही घेतले.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात असताना बाहेरून हाक आली, “अगं, जरा ये बघू. नवीन चौकट आलीय.” मी हात पुसत गेले. हे खुर्चीत निवांत बसले होते. चष्मा नाकावर, बोट भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर. आम्ही दोघांनी मिळून ती वाचली. नूतनीकरणाची आठवण होती. खरी होती. पावती शोधून रविवारी लेकीशी बोलू, असे ठरले आणि यांनी पुन्हा नाट्यगीत लावले.