कोब्यावरील लाकडी जमीन

गेल्या आश्विनांत आमच्या मातुश्रींचें खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली आणि आठ दिवसांनीं त्या घरीं येणार असें ठरलें. माडी चढणें आतां अशक्य. तेव्हां पडवीलगतची खोली त्यांना द्यावी, आणि तेथील १९६८ सालचा कोबा थंडींत पायांना फार गार लागतो म्हणून त्यावर लॅमिनेटच्या पट्ट्या बसवून घ्याव्या, असा विचार निघाला. थोरल्या बंधूंनीं खर्चाचा आंकडा ऐकून नुसतें 'हूं' म्हटलें.

या पट्ट्या म्हणजे अस्सल लाकूड नव्हे. लाकडाचे तंतु दाबून केलेली फळी, तिच्यावर लाकडाचें चित्र छापलेला कागद आणि वर राळेचा कठीण थर, असा हा प्रकार. १९७७ सालीं स्वीडनमधील पेर्स्टॉर्प कंपनीनें तो शोधून काढला. पट्ट्या कोब्याला चिकटवीत नाहींत. कडेच्या खांचा एकमेकींत अडकवितात आणि सबंध जमीन एखाद्या चटईसारखी नुसती अंथरलेली असते. आमची सारी फजिती या 'नुसती अंथरलेली' शब्दांत सांठलेली आहे.

कोबा डोळ्यांना सपाट दिसत होता. कारागीर पाणसळ काढूं लागला, तों आम्हींच त्याला घाई केली. खालीं फोमचा थर आहे, तो सर्व सांभाळून घेईल, असें आमचें मत! (आमचें उभें आयुष्य लेखणी चालविण्यांत गेलें, थापी कधीं हातीं धरली नाहीं.) दोन दिवसांत काम उरकलें. शेजारची मंडळी खोली पाहून वाखाणून गेली.

मातुश्री आल्या. वॉकर धरून त्या खिडकीकडे निघाल्या. तेथून अंगणांतला पारिजातक दिसतो, आणि सकाळीं त्याचा सडा पाहणें हा त्यांचा जुना नेम. खोलीच्या मध्यावर पट्टी दबली आणि कर्र असा आवाज झाला. त्या थबकल्या व मागें फिरल्या. डॉक्टरांनीं रोज चालण्यास बजावलें होतें. पण त्या पलंगापासून दारापर्यंतच जात. चौथ्या दिवशीं वहिनींनीं विचारलें, तेव्हां म्हणाल्या, "अग, खालीं पोकळ आहे. एकदां पडलें तें पुरे झालें."

महिन्याभरांत दोन सांधेही उकलले. अखेर मातुश्रींचा पलंग माजघरांत हलवून पट्ट्या उचलविल्या, आणि या खेपेस कारागिराला बोलूं दिलें. त्यानें २ मीटर लांबीची सरळ पट्टी कोब्यावर सर्व दिशांनीं फिरविली. एवढ्या लांबींत ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक सामान्यतः चालतो. आमच्या येथें मध्यावर ११ मिलिमीटरांचा खळगा निघाला, आणि दाराशीं उंचवटा. खळग्याभोंवतीं त्यानें खडूची रेघ ओढली, ती पाहून वहिनी म्हणाल्या, "कोबा पुसतांना पाणी नेहमीं तेथेंच सांठायचें, भावोजी. पण मला कोणी विचारलें का?" आम्ही निरुत्तर झालों. बंधु वर्तमानपत्रांत डोकें घालून बसले.

फोमचा थर २-३ मिलिमीटरांचा. तो कोब्याची खरखर झांकतो, खळगा भरीत नाहीं. दोन थर घालावे, ही आमची पुढची सूचनाही बाद झाली, कारण मऊ बैठकीवर पट्टी अधिकच लवते व खांचेची जीभ तुटते. उंचवटा यंत्रानें घासला. ती धूळ घरभर झाली, तें एक असो. मग कोबा स्वच्छ करून त्यावर प्रायमर लावला आणि खळग्यांत आपोआप समतल होणारें सिमेंटचें पातळ मिश्रण ओतलें. तें पुरतें वाळेपर्यंत कारागिरानें कोणास आंत पाऊल टाकूं दिलें नाहीं. नंतर पॉलिथिनचा तुकडा चारी कडांनीं चिकटवून एक दिवस ठेवला. खालीं दंव जमलें नाहीं. तरीहि जमिनीलगतचा कोबा म्हणून ओल अडविण्यास अखंड प्लास्टिक अंथरलें. पावसाळ्यांत पट्ट्या फुगतात, म्हणून भिंतींलगत १० मिलिमीटर जागा सोडली. जीभ तुटलेल्या नऊ पट्ट्या मात्र नव्या आणाव्या लागल्या.

मातुश्री आतां काठीवर आल्या होत्या. त्यांनीं मध्यावर उभें राहून काठीनें दोनदां ठोकून पाहिलें. मग सावकाश खिडकीपाशीं गेल्या, गज धरला, आणि वहिनींना म्हणाल्या, "फुलें आज कमीच पडलीं ग."