चार रकाने

मी वीज मंडळात बिलिंगला होते. निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर माझं नाव गेलं, ते कुणी सुचवलं हे मला अजून कळलेलं नाही. समिती म्हणजे नवरा-बायकोची भांडणं मिटवायची, सासवांना चार गोष्टी सांगायच्या आणि नवरात्राच्या बंदोबस्ताच्या बैठकीत चहा प्यायचा, अशी माझी कल्पना. पहिल्याच बैठकीत पुढ्यात आला रहिवाशांचा अर्ज. स्टँडमागच्या चौकात संध्याकाळनंतर ‘सदर महिला’ उभ्या राहतात, तरी त्यांचा कायमचा बंदोबस्त व्हावा. खाली सह्याच सह्या, त्यात माझ्या सख्ख्या भाच्याचीही. (शहराचं आणि चौकाचं नाव मी देत नाही. ज्यांना जायचं असतं त्यांना ते माहीतच असतं.)

इन्स्पेक्टर साहेबांनी कोरा कागद घेतला, उभ्या रेघा मारून चार रकाने पाडले आणि वर लिहिलं : शोध, विश्लेषण, उपाय, पडताळणी. म्हणाले, “ताई, मी आज रात्री पाच-सहा जणी उचलून आणू शकतो. उद्या दंड भरून सुटतील आणि दंड भरून निघावा म्हणून परवा जास्त वेळ उभ्या राहतील. तुम्ही आकड्यांतल्या आहात. हा अर्ज मला जरा मोडून द्या.”

नोट मोडून देतात हे माहीत होतं. अर्ज कसा मोडायचा?

रकाने साहेबांच्या डोक्यातले नव्हते. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ साली एक लेख लिहिला. पोलीस घटनेमागून घटनेकडे धावत राहतात आणि घटना ज्यातून उपजतात त्या प्रश्नाकडे कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज या शहराच्या पोलिसांनी ते प्रत्यक्ष करून पाहिलं, १९८७ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि या चार पायऱ्या जगभर गेल्या. रस्त्यावरचा वेश्याव्यवसाय हे अशा कामाचं तिकडचं नेहमीचं उदाहरण आहे म्हणे. हे सगळं साहेबांनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. मला मात्र वाटलं, यांनी स्वतःचं काम माझ्यावर ढकललं.

सुरुवात कायद्यापासून करावी म्हटलं, तर तिथंच अडकले. धंदा करणं हाच गुन्हा, अशी माझी पक्की समजूत. ठाण्यातल्या फौजदार मॅडमनी पुस्तक दिलं, अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६. ठाण्यात त्याला सगळे ‘पीटा’ म्हणतात. कुंटणखाना चालवणं गुन्हा, दुसरीच्या कमाईवर जगणं गुन्हा, कुणाला या धंद्यात आणणं गुन्हा. सज्ञान बाईनं आपल्या मर्जीनं पैसे घेऊन संबंध ठेवले, तर केवळ त्याला शिक्षा सांगणारं कलम काही सापडेना. मॅडम हसल्या. “नाहीच ते, काकू. २०२० मध्ये मुंबई हायकोर्टानं सुधारगृहातल्या तीन मुलींना सोडताना तेच सांगितलंय.”

मग गुन्हा कशात? कलम ८ : सार्वजनिक जागी खुणावणं, बोलावणं. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. आणि कलम ७ : देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आतल्या जागेत धंदा करणं. मी चौकात उभी राहून मनातल्या मनात वर्तुळ काढलं. मारुती, शनी, दर्गा, महापालिकेची शाळा, दोन प्रसूतिगृहं. आपल्या शहरांत यांतलं काहीच नसलेली दोनशे मीटर जागा शोधायची तर धरणाच्या भिंतीपलीकडे जावं लागेल.

कलम ७ मध्ये गिऱ्हाइकालाही शिक्षा आहे, पण ती खोलीत सापडला तर. रस्त्यात मोटरसायकल हळू करून “येते का” विचारणाऱ्याला आमच्या ठाण्यात कलम ८ खाली आणल्याचं एकाही जुन्या हवालदाराला आठवेना. आणखी एक गंमत त्याच पुस्तकात होती. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन तरी प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून लागतात आणि त्यात एक बाई हवी. म्हणजे समितीत मी का, याचा उलगडा तिथं झाला. मला प्रतिष्ठित ठरवायला कायद्याला एवढं निमित्त लागलं.

वही घेऊन मी चौकातल्या औषधाच्या दुकानात बसू लागले. दुकानदार ओळखीचा, गल्ल्यामागे स्टूल देतो. आधी सह्या करणाऱ्यांना एकेक करून विचारलं, तुम्हाला नेमका त्रास कशाचा? “त्या बायकांचा” हे उत्तर मी लिहून घ्यायचंच नाही, असं ठरवलं होतं. मग खरी उत्तरं आली. एकीच्या कॉलेजातल्या मुलीला दुचाकीवाल्यानं भाव विचारला होता. मुलगी आता क्लासहून येताना वडिलांना फोन करते. एका आजोबांना रात्री एकपर्यंत त्याच त्या दोन-चार मोटरसायकली फिरत असल्यामुळे झोप नाही. शाळेच्या शिपायाला सकाळी कुंपणाआड बाटल्या आणि वापरलेले निरोध उचलावे लागतात. बियर बारच्या भिंतीशी पुरुष मुततात, ही तक्रारही ‘सदर महिलां’च्या अर्जातच शिरली होती. एकाला फ्लॅट विकायचा होता आणि दलालानं भाव पाडून मागितला होता. माझा भाचा म्हणाला, “मावशी, सगळ्यांनी केली म्हणून मी सही केली.”

वहीत हे उतरवत गेले तसं लक्षात येत गेलं, की बहुतेक ओळींत बाई नाहीच. फिरणारा पुरुष, मुतणारा पुरुष, बाटल्या फेकणारा पुरुष. बाई फक्त विषयाच्या ओळीत.

आता हे फिरणं. चौकाला लागून दोन गल्ल्या आहेत, मागे एकमेकींना जोडलेल्या. एक एकेरी, दुसरी दुहेरी. म्हणजे गाडी मागे न वळवता, न थांबता गोल गोल फिरत बायका न्याहाळता येतात. बारमधून बाहेर पडणारा, स्टँडवर शेवटची गाडी चुकलेला, गोडाऊनचा माल उतरवून मोकळा झालेला ट्रकवाला, सगळ्यांना ती प्रदक्षिणा सोयीची. साहेब नकाशा बघून खूश झाले. म्हणाले, लंडनच्या फिन्सबरी पार्क भागात १९८० च्या दशकात हेच होतं. तिथं पोलीस, पालिका आणि रहिवासी एकत्र बसले, गल्ल्यांची तोंडं बंद करून गाड्यांच्या फेऱ्या मोडल्या, जोडीला गस्त वाढवली आणि बाजार बराच ओसरला. मी म्हटलं, आपल्याकडे गल्ली बंद केली तर गणपतीचा मांडव कुठं घालायचा?

रहिवाशांचं ठाम मत होतं की अंधारामुळे बायका इथं येतात. मला उलटंच दिसत होतं. त्या उभ्या असायच्या त्या पानपट्टीच्या दिव्याखाली. तिथून दहा पावलांवर पालिकेचा खांब बंद पडलेला आणि त्या अंधारात कुणीच नाही. हे मला समजेना, म्हणून विचारायचं ठरवलं. एकदम जाऊन काय विचारणार? एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पात काम करणारी एक कार्यकर्ती रोज संध्याकाळी निरोध वाटायला यायची. पूर्वी तीही तिथंच उभी राहायची. तिच्यासोबत गेले.

पहिलीनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, “तुम्ही लाइट बिलाच्या खिडकीवरच्या काकू ना? मला हप्ते पाडून दिले होते तुम्ही.”

मला आठवत नव्हतं. तिला मात्र कुठल्या महिन्याचं बिल होतं तेसुद्धा आठवत होतं. त्यामुळे एक झालं, दुसऱ्या जणी बोलू लागल्या. दिव्याखाली का, याचं उत्तर सोपं होतं. माणसाचा चेहरा दिसतो, तोंडाला वास किती ते कळतं, मागे कुणी लपलेलं आहे का ते दिसतं. ओरडलं तर पानपट्टीवाला ऐकतो. एक जण दिवसा मजूर अड्ड्यावर उभी राहते, काम मिळालं नाही त्या दिवशी संध्याकाळी इथं. एकीला नवऱ्याच्या आजारपणाचं कर्ज आहे. एकीनं काहीच सांगितलं नाही, “तुम्हाला काय करायचंय” म्हणाली, तेही बरोबरच. पिशवीत निरोध सापडले की धंद्याचा पुरावा म्हणून धरतील, अशी सगळ्यांना भीती. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात पोलिसांना बजावलं आहे, की निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानायचा नाही आणि या बायकांना इतर नागरिकांसारखीच सन्मानाची वागणूक द्यायची. कार्यकर्तीकडे त्या आदेशाची झेरॉक्स होती. घड्या पडून पडून ती मधोमध फाटली होती.

त्यांच्याही तक्रारी होत्या. स्टँडचं शौचालय रात्री नऊला बंद होतं, मग जायचं कुठं? आणि एक पांढरी गाडी. दोघं असतात, लांब नेतात, पैसे देत नाहीत, मारतात. गाडीच्या नंबरचे शेवटचे आकडे त्यांना पाठ होते. ठाण्यात सांगितलं का? “काय म्हणून सांगायचं, काकू? पत्ता काय देऊ? घरी पोलीस आला तर?”

रात्री घरी मी वही उघडली आणि पेन तसंच हातात राहिलं. ‘विश्लेषण’च्या रकान्यात साहेबांनी सांगितल्याप्रमाणे तक्रारदार, वेळ, जागा, त्रास असं पाडलं होतं. पांढऱ्या गाडीसाठी तक्रारदार कोण लिहू? ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे त्यांनाच तक्रारदार करायचं का?

मी करून टाकलं. पुढच्या बैठकीत त्यावरून जो गोंधळ झाला तो सगळा इथं लिहिण्यासारखा नाही. “त्यांना समितीत बसवणार का उद्या?” एक वकील सदस्य ओरडले. दुसरे म्हणाले, नागपुरात ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी गंगा-जमुना वस्तीला बॅरिकेड लावले तसे लावा. त्यावर तिथं बायकांनी आंदोलन केलं होतं, हे फौजदार मॅडमनी शांतपणे सांगितलं. साहेबांनी भिवंडीचा विषय काढला. १९८४ च्या दंगलीनंतर उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला कमिट्या बांधल्या आणि १९९२-९३ ला मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. “पण त्या कमिट्यांत दोन्ही बाजू बसल्या होत्या,” साहेब म्हणाले. “एकाच बाजूची कमिटी असती तर तिला मोर्चा म्हणाले असते.” वकील साहेबांना ते पटलं नाही. मला पटलं, पण मनात शंका राहिलीच. त्या मुलीचे वडील आणि दिव्याखालची ती बाई एका टेबलाशी बसले, तर काय बोलतील? आणि भाव विचारणारा दुचाकीवाला या दोघांत कुणाच्या बाजूचा?

इंग्लंडमधल्या इप्सविचला या प्रश्नाचं उत्तर फार महागात मिळालं. २००६ च्या अखेरीस तिथं रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या पाच जणींचे खून झाले. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी धोरण बदललं. पकडायचं ते गाडीतून फिरणाऱ्या पुरुषांना, आणि बायकांना व्यसनातून, घराच्या अडचणीतून बाहेर काढायला मदत करायची. तिकडच्या कायद्यात असं गाडीतून गिऱ्हाइकी करणं १९८५ पासून गुन्हा आहे. आमच्याकडे बीट मार्शलांनी वाहतुकीचे नियम कामाला लावले : हेल्मेट नाही, लायसन दाखव, पुन्हा पुन्हा फिरतोस तर नंबर लिहून घेतो. वाहतूक शाखेनं दुसरी गल्लीही एकेरी केली, पण फेऱ्यांच्या उलट दिशेची, त्यामुळे प्रदक्षिणा तुटली. पालिकेचा दिवा लागला. शाळेच्या कुंपणाशी कचराकुंडी ठेवली. पांढऱ्या गाडीचे आकडे कार्यकर्तीनं मॅडमना दिले, तक्रारदाराचं नाव न घेता. गाडी एका रात्री अडवली, आत दारू होती, त्यावर केस झाली. मारहाणीची केस झाली नाही, कारण त्यासाठी कुणीतरी नाव द्यायला लागतं.

चौथ्या रकान्यात काय लिहायचं यावर माझं आणि साहेबांचं एकमत नाही. फेऱ्या कमी झाल्या, आजोबा झोपतात, ती मुलगी एकटी येते. बायकांपैकी काही जणी उड्डाणपुलाच्या पलीकडे सरकल्या आहेत आणि तिकडे दिवे फारसे नाहीत. साहेब याला यश म्हणतात, कारण तक्रारी घटल्या. मी म्हटलं, पुलापलीकडे घरंच नाहीत, तक्रार करणार कोण? साहेबांनी रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं आणि आपली सही केली.

शौचालय मात्र अजून नऊलाच बंद होतं. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसचं म्हणणं, रात्रीचा रखवालदार ठेवायचा तर पगार कोण देणार. आमच्या समितीकडे निधी नाही, सोसायट्या वर्गणी द्यायला तयार नाहीत. गेल्या बैठकीत बियर बारच्या मालकानं निरोप पाठवला, अर्धा पगार मी देतो, तेवढी माझी भिंत वाचेल. बारवाल्याचे पैसे पोलिसांच्या समितीनं घ्यावेत का, यावर तासभर वाद झाला. वकील साहेब म्हणाले, मुळीच नाही. फौजदार मॅडम म्हणाल्या, पैसे थेट रखवालदाराला द्यायला सांगा. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे आणि उरलेल्या अर्ध्या पगारासाठी कुणाकुणाकडे जायचं याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. यादीत पहिलं नाव मी भाच्याच्या सोसायटीचं लिहिलंय.